दहा नंबरची सुई

महाराष्ट्रात लोकर विणणाऱ्या बाईच्या वाट्याला एक प्रश्न ठरलेला असतो, "अगं, पण इथे थंडी असते कुठे?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की पेपरात द्राक्षबागांमधल्या शेकोट्यांचे फोटो येतात, आणि बघता बघता संक्रांत होऊन स्वेटर परत कपाटात जातात. मुंबईत तर तेवढंही नाही. शिवाय दिवाळी सरली की फुटपाथवर आणि मैदानांत तिबेटी स्वेटरवाले दुकानं मांडतात. त्यांचा बराचसा माल लुधियानाचा, मशीनवरचा. चांगल्या लोकरीचे गुंडे घ्यायला जेवढे पैसे मोजावे लागतात, जवळजवळ तेवढ्यात तिथे अख्खा स्वेटर मिळतो. गरज म्हणून विणायचे दिवस कधीच गेले.

तरीही सुया अजून विकल्या जातात, त्या बाळंतविड्याच्या जिवावर. टोपडं, झबलं, कुंची, दुपटं शिवायचं आणि टोपी, मोजे, स्वेटर विणायचा, ही वाटणी बहुतेक घरांत न बोलता झालेली असते. डोहाळजेवण उरकलं की कुणीतरी मावशी किंवा आत्या सुया बाहेर काढतेच. रंग पिवळा नाहीतर पांढरा, कारण मुलगा की मुलगी हे कुणाला ठाऊक असतं? बाळाला ती टोपी जेमतेम दोन-तीन महिने होते. हे विणणारीलाही माहीत असतं, तरी ती विणतेच.

बाकी लोकर काही आपल्याला परकी नाही. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर इथे पिढ्यान् पिढ्या कातली जाते. तिचं घोंगडं होतं, आणि ते मागावर. ही लोकर जाड आणि राठ. साधारण ३० मायक्रॉनच्या पुढे जाड असलेला तंतू कातडीला टोचायला लागतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मेरिनो २४ मायक्रॉनच्या आतली, म्हणून ती गळ्याशी चालते. आपल्या घोंगड्याचा गुण वेगळा, तो पावसात डोक्यावरून घेतल्यावर कळतो. त्याच लोकरीचं बाळाचं टोपरं कुणी केलं असतं तर बाळाने घर डोक्यावर घेतलं असतं. सुयांवरचं विणकाम आपल्याकडे आलं ते मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि साहेबाच्या बंगल्यांतून. त्याच्या खुणा अजून आहेत. उजव्या हाताने सुईवर दोरा टाकायची आपल्यातल्या बहुतेकींची रीत इंग्रजी आहे, आणि सुयांचे नंबरही.

या नंबरांनी नवशिक्यांना फार छळलं आहे. आपल्या दुकानात दहा नंबरची सुई मागा, ३.२५ मिलिमीटर जाडीची मिळेल. आठ नंबर ४ मिलिमीटर, बारा नंबर २.७५, चौदा नंबर २. नंबर चढतो तशी सुई उतरते. हा उलटा हिशेब जुन्या ब्रिटिश तारांच्या गेजवरून आला. जाड सळई लहान लहान भोकांतून ओढून तार बारीक करत नेतात. जितक्या वेळा ओढली, तितका तिचा नंबर मोठा. मोटर रिवाइंड करणाऱ्याला विचारा, त्याच्या तांब्याच्या तारेचा गेज आजही असाच चालतो. अमेरिकेत मात्र नंबर सरळ आहेत, तिथली दहा नंबरची सुई ६ मिलिमीटरची. आता इंटरनेटवरून अमेरिकन नमुना उतरवून घ्या आणि पेटीतल्या दहा नंबरच्या सुया काढा. स्वेटर नवऱ्यासाठी विणायला घेतलेला असतो, होतो पुतण्याला. तेव्हा नंबर बघायचाच नाही, मिलिमीटर बघायचे. जुन्या सुयांवरचे आकडे पुसलेले असतील तर भोकांची पट्टी मिळते, तिच्यात सुई घालून माप काढता येतं.

आणि मिलिमीटर जुळले तरी हात जुळत नाहीत. त्यासाठी आधी नमुन्याचा तुकडा विणायचा, ज्याचा सगळ्यांना मनस्वी कंटाळा. पण हिशेब बघा. आठ नंबरच्या सुयांवर आठ प्लायच्या लोकरीचे (प्लाय म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप) १० सेंटिमीटरला २२ टाके येतात, असं लेबलवर असतं. १०० सेंटिमीटर घेराचा स्वेटर म्हणजे २२० टाके. तुमचा हात थोडा सैल आणि १० सेंटिमीटरला २० टाके आले, तर तेच २२० टाके ११० सेंटिमीटर भरतात. दोन टाक्यांचा फरक, आणि छातीत चार बोटं नाही, तब्बल १० सेंटिमीटर. तुकडा विणून, धुऊन, सावलीत वाळवून मगच मोजायचा, कारण पाण्यातून निघाल्यावर वीण जागा बदलते. टाके कमी भरले तर सुई बारीक घ्यायची. मुद्दाम घट्ट विणायला जाऊ नये. दोन ओळी हात घट्ट राहतो, मग मालिका बघता बघता मूळ पदावर येतो.

एवढं सांगूनही मला वाटतं, विणकामात शिकायची खरी गोष्ट ही मापं नव्हेत. नमुना वाचता येणं हीदेखील नव्हे. हातातली वीण वाचता यायला हवी. सुईवर आत्ता काय आहे, खालच्या ओळीत काय झालं होतं, कुठे चुकलं, हे कागदाकडे न बघता कळलं पाहिजे. हे आलं की बाकीचं आपोआप येतं. हे आलं नाही तर माणूस वर्षानुवर्षं विणत राहतो आणि फोन वाजला की घाबरतो, "थांब हं, मी मोजतेय!"

मला हे माझ्या आत्याने शिकवलं, तिच्या पद्धतीने. मी नुकतीच सुलट आणि उलट हे दोन मूळ टाके शिकले होते आणि मफलर वीतभर झाला होता. तिने तो हातात घेतला, कौतुकाने फिरवून बघितला आणि सुई सर्रकन ओढून काढली. सगळे टाके उघडे पडले.

"आत्या! काय केलंस हे?"

"काही होत नाही. श्वास घे. आता घाल परत."

मी रडवेली होऊन एकेक फास सुईवर चढवला. पुढची ओळ विणायला घेतली तर निम्मे टाके पिळलेले. मग तिने एक फास चिमटीत धरून दाखवला. टाका म्हणजे सुईवर टांग टाकून बसलेला फास. त्याला दोन पाय असतात, एक सुईच्या पुढे, एक मागे. उजवा पाय पुढे हवा. डावा पुढे आला तर टाका उलटा बसला, तो मागच्या पायातून विणून घ्यायचा, की झाला सरळ. आणि दुसरं, फासाच्या गळ्याशी आडवी गाठ दिसली तर तो आपल्या बाजूने उलट टाका, गळा मोकळा आणि खाली इंग्रजी व्ही दिसला तर सुलट. दोन्ही एकच. सुलट टाक्याची पाठ म्हणजे उलट टाका. "कितवी सुई चाललीये ते मला विचारू नकोस," ती म्हणायची, "तिलाच विचार." आपल्याकडे ओळीलाही सुईच म्हणतात, पहिली सुई सुलट, दुसरी सुई उलट.

एवढ्या एका गोष्टीतून किती कोडी सुटतात! सलग सुलट पोताची पट्टी कडेने का वळते? सगळे सुलट चेहरे एका बाजूला आणि सगळ्या पाठी दुसऱ्या बाजूला, म्हणून ताण एकीकडे. खालची-वरची कड पुढे वळते आणि बाजूच्या कडा मागे. इस्त्रीने हे जात नाही. कडेला चार टाके दर सुईला सुलट विणले, किंवा मोत्यासारखी सुलट-उलट वीण घातली, की ताण सारखा वाटला जातो आणि पट्टी सपाट पडते. मनगटाला एक सुलट एक उलट का? सुलट रांगा पुढे येतात, उलट मागे जातात, कापड आपोआप आक्रसतं आणि ताणलं की उघडतं. रबर न घालता. दोरीने जोडलेल्या गोल सुयांवर हेच सुलट पोत गोल गोल विणताना उलट टाका लागतच नाही, कारण चांगली बाजू कायम आपल्या समोर असते. आणि जाळीचं काय मोठंसं? दोरा पुढे घेतला की एक टाका वाढतो आणि भोक पडतं. शेजारी दोन टाके जोडून विणले की एक कमी होतो. भोक कुठे आणि जोड कुठे, एवढ्यावर पानं, वेली, मोरपिसं. हिशेब शेवटी शून्यच.

मला विचाराल तर सगळ्यात सुंदर गोष्ट मात्र मोज्याची टाच. स्वेटर सगळे बघतात, टाच बुटात जाते, पण सपाट दोऱ्याला कोपरा काढायला लावणं हे काम तिथे होतं. साठ टाक्यांचा मोजा धरा. निम्मे, म्हणजे ३० टाके टाचेला घ्यायचे, बाकीचे सुयांवर तसेच थांबवायचे. या तिसांवर मागे-पुढे विणत साधारण तीस सुयांची चौकोनी पट्टी करायची, ती घोट्यामागून खाली उतरते. मग वळण. १७ सुलट, दोन जोडून, एक सुलट, आणि सुई अर्ध्यात सोडून उलट फिरायचं. पलीकडे दहा टाके न विणलेले राहिलेत, राहू द्यायचे. पहिला टाका नुसता उचलायचा, पाच उलट, दोन जोडून, एक उलट, पुन्हा फिरायचं. आता दोन्हीकडे दहा-दहा टाके वाट बघत आहेत आणि मध्ये एक छोटी जीभ तयार झाली आहे. जिथून फिरलो तिथे एक फट दिसते. दर वेळी त्या फटीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक असे दोन जोडायचे, एक विणायचा, फिरायचं. आकडे लक्षात ठेवायची गरज नाही, फटच सांगते. दोन्हीकडचे टाके संपले की सुईवर १८ राहतात आणि हातात वाटी तयार असते. पहिल्यांदा ती वाटी होते तेव्हा अंगठा आत घालून बघितल्याशिवाय कुणी पुढे गेलेलं मी पाहिलेलं नाही.

हत्यारांबद्दल लोक फार बोलतात. मी थोडकंच बोलते. ॲल्युमिनियमच्या सुया गुळगुळीत, वेग चांगला येतो, पण घामट हाताला आणि निसरड्या ॲक्रिलिकला बांबूच्या बऱ्या. टाका धरून ठेवतात. लांब सरळ सुयांपेक्षा मला दोरीने जोडलेली गोल सुई आवडते, सपाट तुकड्यालासुद्धा. विणलेल्याचं वजन मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही. आणि लोकलच्या लेडीज डब्यात भाजी निवडणारीच्या आणि डुलकी काढणारीच्या मध्ये बसून विणायचं तर सरळ सुईचं टोक कुणाच्या तरी बरगडीत जाणार हे नक्की. लांब दोरीची, ८० ते १०० सेंटिमीटरची एकच गोल सुई असली तर दोरीचा फास बाहेर काढून त्यावर मोजासुद्धा होतो, मग पाच सुयांचा संच लागत नाही. भारतात बनलेल्या या सुया आज जगभर विकल्या जातात. आपल्याच कोपऱ्यावरच्या दुकानात मात्र मिळत नाहीत, मागवाव्या लागतात. याचं मला अजून नवल वाटतं.

बाकी पेटीत क्रोशाची एक सुई हवीच, क्रोशासाठी नव्हे, निसटलेला टाका वर आणायला. टाका पडला की तो शिडीसारख्या आडव्या दोऱ्या सोडत खाली जातो. घाबरून ओढाओढ करायची नाही. सुलट बाजू समोर घ्यायची, क्रोशाची सुई त्या फासात पुढून घालायची, वरची पहिली आडवी दोरी पकडून फासातून ओढायची, मग त्याच्या वरची. उलट टाका हवा असेल तर काम उलटून मागून हेच करायचं.

हत्यारांवरून आठवलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर बायका कमरेला चामड्याचा पट्टा बांधायच्या. आत घोड्याचे केस भरलेले, वर भोकंच भोकं. एका भोकात सुईचं मागचं टोक रोवलं की एक हात जवळजवळ मोकळा. पाठीवर पीटची, म्हणजे जळणासाठी वाळवलेल्या दलदलीतल्या मातीची टोपली आणि चालता चालता विणकाम, असं त्या करायच्या. तिथल्याच फेअर आइलच्या रंगीत स्वेटरांकडे बघून आपण दबून जातो, पण त्यातला नियम साधा आहे, एका ओळीत दोनच रंग. तिसरा पुढच्या ओळीत. वीस रंगांचा भास दोन-दोन दोऱ्यांनी होतो.

आणि "बायकी काम" म्हणणाऱ्यांसाठी एक पत्ता देऊन ठेवते. पेरूमध्ये टिटिकाका सरोवरात टाकिले नावाचं बेट आहे. तिथे विणतात ते पुरुष. मुलगे लहानपणीच शिकतात, टोप्या इतक्या बारीक विणतात की मशीनच्या वाटाव्यात, आणि टोपीच्या रंगावरून गडी लग्नाचा आहे की बिनलग्नाचा ते गावाला कळतं. युनेस्कोच्या यादीत या कलेचं नाव आहे. आपल्याकडे हिमाचलात लाहौलच्या रंगीत मोज्यांना आणि हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिकडे गेलात तर मोजा उलटा करून आतले दोरे बघा, बाहेरून बघण्यापेक्षा त्यात शिकण्यासारखं जास्त असतं.

पण माझी खरी गुरू कोण म्हणाल, तर आत्यानंतर एलिझाबेथ झिमरमन. जन्म १९१० चा, इंग्लंडमधला, संसार अमेरिकेत. तिने गोल सुयांवर विणलेला एक स्वेटर मासिकाकडे पाठवला, तर त्यांनी तो सपाट तुकड्यांचा, ओळीओळीच्या सूचनांचा करून छापला. तिला ते रुचलं नाही, तिने स्वतःचंच पत्रक काढायला सुरुवात केली. तिची युक्ती कुठल्याही गृहिणीला पटेल अशी आहे. छातीच्या घेराचे टाके म्हणजे शंभर टक्के. मनगटाला त्याचे २० टक्के, दंडाला साधारण एकतृतीयांश, गळ्याला ४० टक्के. २०० टाक्यांचा स्वेटर असेल तर मनगट ४०, दंड ६६ ते ७०, गळा ८०. लोकर कुठलीही, सुई कुठलीही, नमुन्याचं पुस्तक नको. आत्याला टक्केवारी येत नव्हती. ती माणसाला समोर उभं करून वितीने मोजायची आणि जवळपास तेच आकडे धरायची.

बाळाच्या टोपीचंच बघा. नव्या बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर. विणलेली टोपी थोडी लहानच हवी, नाहीतर डोळ्यांवर येते. चार प्लायची लोकर, दहा नंबरच्या सुया, १० सेंटिमीटरला २८ टाके. ८८ टाके घातले तर एकतीस-साडेएकतीस सेंटिमीटर होतात. ८८ च का? कारण वर आठ पाकळ्या करता येतात, अकरा-अकरा टाक्यांच्या. एकाआड एक ओळीत प्रत्येक पाकळीत एक टाका कमी करत जायचा. सांगितलं की पाच मिनिटांत समजतं, आणि एकदा समजलं की ९६ टाक्यांची आणि मोठ्या माणसाची टोपी तुमची तुम्ही बसवता.

लोकर कुठली घ्यावी? बाळासाठी मऊ ॲक्रिलिक किंवा सुती, कारण ते रोज धुतलं जातं, आणि दमलेली बाळंतीण कपडे वेगळे काढत बसणार नाही. खरी लोकर गरम पाण्यात घोळली की तंतू एकमेकांत अडकून नमद्यासारखं घट्ट कापड होतं, ते परत उलगडत नाही. शिकायला आठ प्लाय, फिका रंग. काळ्या लोकरीवर पहिला स्वेटर करायला घेणाऱ्यांच्या धाडसाला माझा नमस्कार. तुळशीबागेत घ्या नाहीतर आणखी कुठे, सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले आहेत ना ते लेबलवर बघून घ्या, आणि एक जास्तच घ्या. दुकानात पिवळा तो पिवळाच दिसतो. उन्हात बाही आणि पाठ वेगळी निघते.

उरलं उसवणं. शिवलेलं बिघडलं की कापड वाया जातं. विणलेलं बिघडलं की दोरा परत हातात येतो, पूर्ण लांबीचा. पूर्वी घरोघरी थोरल्याचा स्वेटर उसवून त्यात एक रंग मिसळून धाकट्याला व्हायचा. उसवायचं ते टाके बंद केलेल्या टोकाकडून, सुरुवातीकडून दोरा सुटत नाही, नुसता अडकतो. निघालेला दोरा शेवयांसारखा कुरळा असतो, तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून, चार ठिकाणी सैल बांधून लडी करायची, कोमट पाण्यात बुडवायची आणि टांगायची. लोकर सरळ होते, ॲक्रिलिक आपला हेका सहज सोडत नाही. हल्ली मी लहान मुलांचे स्वेटर गळ्याकडून खाली विणते. हात वाढले की मनगटाची पट्टी उसवायची आणि तिथूनच पुढे चालू ठेवायचं.

सध्या तेच चाललं आहे. नातवाच्या पिवळ्या स्वेटरच्या बाह्या आखूड झाल्या, तो पिवळा आता मिळत नाही, म्हणून खाली निळ्या पट्ट्या येणार. त्याला मात्र पट्ट्या नकोत, डायनासोर हवा आहे, लांब मानेचा. त्याने स्वतः आलेखाच्या कागदावर घरं रंगवून दिलाय. अडचण अशी की कागदावरचं घर चौकोनी असतं आणि टाका नसतो. १० सेंटिमीटरला टाके २२ आणि ओळी २८, म्हणजे टाका रुंद आणि बुटका. त्याचा डायनासोर जसाच्या तसा विणला तर बसका होऊन त्याची म्हैस होईल. "आजी, म्हैस नको हं," एवढं त्याने बजावून ठेवलं आहे. तेव्हा मी त्याच्या चित्रात प्रत्येक तीन-चार ओळींमागे एक ओळ वाढवते आहे, आणि मान अजून कमीच पडते आहे.